पोपटी म्हणजे काय? पेण-रोह्याच्या थंडीत उलट्या मडक्यात शिजणारं रात्रीचं जेवण

डिसेंबर उजाडला की रायगडकरांच्या स्टेटसवर एकाच प्रकारचे फोटो दिसू लागतात. मोकळं शेत, मध्ये जाळ, जाळात उलटं ठेवलेलं काळंकुट्ट मडकं आणि भोवती शेकत उभी असलेली मंडळी. खाली एवढंच लिहिलेलं असतं : 'आज पोपटी'. जिल्ह्याबाहेरच्या माणसाला यातून फारसा बोध होत नाही. पोपटी ही भाजी आहे की पार्टी, मडकं उलटं का ठेवलंय, आत पाणी घातलंय की नाही, आणि हा प्रकार उन्हाळ्यात का दिसत नाही, असे प्रश्न पडतात. त्यांची ही सविस्तर उत्तरं.

थोडक्यात पोपटी

- काय : वालाच्या कोवळ्या-भरल्या शेंगा भांबुर्ड्याच्या पाल्यासह मडक्यात भरून, थेंबभरही पाणी किंवा तेल न घालता जाळात शिजवणं.
- कुठे : रायगड जिल्ह्यात, म्हणजे पेण, रोहा, अलिबाग, पनवेल, माणगाव, महाड या भागांत.
- कधी : साधारण डिसेंबर ते फेब्रुवारी. गावच्या वालाच्या शेंगा जानेवारीच्या सुमारास भरतात, तेव्हा खरी रंगत.
- सोबत : बटाटे, रताळी, कोनफळ, अंडी आणि हवं असल्यास मसाला लावलेलं चिकन.
- वेळ : जाळ लागल्यापासून साधारण अर्धा ते पाऊण तास.

पदार्थही आणि कार्यक्रमही

पेण-रोह्याकडे 'पोपटी केली' यापेक्षा 'पोपटी लावली' असं म्हणतात. भट्टी लावावी तसं मडकं लावायचं असतं, म्हणून हे क्रियापद. 'शनिवारी आमच्याकडे पोपटी आहे' असं कुणी म्हणालं, तर त्यात जेवणाचं आमंत्रण आलंच. शिवाय पाला आणण्यापासून जाळ राखण्यापर्यंतच्या कामाचंही आमंत्रण आलं.

एरवी घरचं रात्रीचं जेवण एक-दोघांच्या हातचं असतं आणि बाकीचे ताटावर बसतात. पोपटीत तसं होत नाही. एक जण शेतातून शेंगा आणतो, कुणी बांधावरून पाला उपटून आणतो, कुणाच्या घरून मडकं येतं, कुणी अंडी आणि बटाटे आणतं. घरच्या मंडळींनी दुपारीच चिकनला मसाला लावून ठेवलेला असतो. पोरांच्या वाट्याला काटक्या आणि पातेरा गोळा करण्याचं काम येतं. मडकं भरायचं कसब मात्र एखाद-दोघांकडेच असतं आणि तिथे बाकीच्यांनी लुडबुड करायची नसते.

मुंबई, ठाणे, पनवेलला नोकरीला असलेले लोक शनिवार-रविवार गाठून पोपटीसाठी गावी येतात. पेण मुंबई-गोवा महामार्गावर आहे आणि कोकण रेल्वे रोह्यापासूनच सुरू होते, त्यामुळे संध्याकाळपर्यंत पोहोचणं जमतं. जिल्ह्यात थंडीत 'पोपटी कविसंमेलनं'ही भरतात : एकीकडे मडकं शिजतं, दुसरीकडे कविता होतात.

हा पदार्थ थंडीतलाच का?

याचं उत्तर भाताच्या शेतात आहे. पेण आणि रोहा हे दोन्ही तालुके भाताचे. पावसाळ्यात लावलेलं भात ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये कापलं जातं. पाणी ओसरलं तरी जमिनीत ओल शिल्लक असते. त्या ओलीवर, वेगळं पाणी न देता जी पिकं घेतात त्यांत वाल महत्त्वाचा. वालाची मुळं खोल जातात आणि रात्री पडणाऱ्या दवाचाही त्याला आधार मिळतो. हरभरा, मूग, चवळी हीसुद्धा याच हंगामातली कडधान्यं, पण रायगडच्या जेवणात वालाचा मान मोठा.

वाल हे कडधान्य असल्यामुळे त्याच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र जमिनीत धरून ठेवतात. पुढच्या पावसाळ्यात त्याच शेतात भात लावलं जातं, तेव्हा त्याचा उपयोग होतो. म्हणजे भातानंतर वाल आणि वालानंतर भात, हा फेरा जमिनीच्याही फायद्याचा आहे.

शेंगेत दाणा भरलेला, पण साल अजून हिरवी, ही अवस्था काही आठवडेच टिकते. त्यानंतर शेंग वाळते आणि दाणे बरणीत साठवायच्या वालात जमा होतात. पोपटीचा हंगाम याच आठवड्यांपुरता असतो. डिसेंबरच्या सुरुवातीला बाजारात दिसणाऱ्या शेंगा बऱ्याचदा बाहेरून आलेल्या असतात. त्यांचीही पोपटी होते, पण गावठी वालाच्या शेंगेची किंचित कडसर चव त्यांना नसते.

भांबुर्डा : ज्याच्यावाचून पोपटी नाही

मडक्यात तळाला आणि तोंडाशी जो पाला कोंबतात तो भांबुर्डा. काही गावांत त्याला भांबुर्डी किंवा भामरूड म्हणतात. वनस्पतिशास्त्रात हा ब्लुमिया या प्रजातीतला, म्हणजे सूर्यफुलाच्या कुळातला. पानं मऊ आणि लवदार, फुलं बारीक पिवळी, आणि पान चुरगळलं की कापरासारखा उग्र वास. भात कापल्यावर रिकाम्या शेतात, बांधावर, वाटेच्या कडेला तो आपोआप उगवतो. कुणी पेरत नाही आणि एरवी तण म्हणून उपटूनच टाकतात.

पोपटीत त्याची तीन कामं असतात. पहिलं, पाल्यातल्या ओलाव्याची वाफ होते आणि शेंगा शिजायला मदत करते. दुसरं, पाल्याचा थर शेंगांना तापलेल्या मडक्यापासून दूर ठेवतो, त्यामुळे त्या करपत नाहीत. तिसरं, पानांतलं सुगंधी तेल वाफेबरोबर शेंगांत उतरतं. पोपटीची ओळखीची चव ती हीच. पाला स्वतः खायचा नसतो. मडकं उघडलं की तो बाजूला काढतात.

वर्षभर ज्याला तण म्हणायचं तेच थंडीत शोधत फिरायचं, अशी ही गंमत आहे. पण तणनाशकं आल्यापासून ती थोडी अडचणीचीही झाली आहे. फवारणी झालेल्या शेतातला किंवा रहदारीच्या रस्त्यालगतचा पाला पोपटीत घालू नये. ज्या शेतात काय मारलंय ते माहीत आहे, तिथलाच घ्यावा.

मडकं उलटं का ठेवतात?

मडकं सुलटं ठेवून खालून जाळ केला तर दोन गोष्टी बिघडतात. पाणी नसल्यामुळे तळाच्या शेंगा जळतात, आणि वाफ वर जाऊन तोंडातून निसटते. मडकं उलटं केलं की त्याचा बंद तळ छपरासारखा वर येतो. शेंगांतून आणि पाल्यातून सुटणारी वाफ वर चढते, त्या छपराखाली अडकते आणि पुन्हा शेंगांवरच उतरते. तोंड खाली जमिनीवर टेकलेलं आणि पाल्याने गच्च बंद असतं, त्यामुळे वाफेला वाट मिळत नाही. जाळ सगळ्या बाजूंनी आणि वरूनही लागतो, म्हणून मडकं सारखं तापतं.

हिरव्या शेंगांत मुळातच भरपूर पाणी असतं. त्यामुळे वरून पाणी घालायची गरज पडत नाही. पोपटी भाजलेली की उकडलेली, असा वाद होतो. खरं तर ती आपल्याच वाफेत शिजते, आणि मातीचा नि धुराचा वास वरून मिळतो.

पोपटी लावायची पद्धत

आठ-दहा जणांसाठी अंदाजे अडीच-तीन किलो शेंगा, किलोभर बटाटे-रताळी, दहा-बारा अंडी, दोन-तीन मुठी जाडं मीठ, चार-पाच चमचे ओवा आणि भांबुर्ड्याचा मोठा भारा लागतो.

1. शेंगा निवडून धुवा. किडलेल्या काढून टाका, सोलू नका. बटाटे-रताळी सालीसकट धुवा. फार मोठी असतील तर दोन तुकडे करा.
2. शेंगांना जाडं मीठ आणि ओवा चोळा. वालाने पोट जड होतं, म्हणून ओवा हवाच. तिखट आवडणारे लसूण-मिरचीचा ठेचाही लावतात.
3. मडकं कोरडं आणि बिनतड्याचं घ्या. ओलं मडकं जाळात फुटू शकतं.
4. तळाला भांबुर्ड्याचा जाड थर द्या, कडेनेही पाला लावा.
5. शेंगांचा एक थर, त्यावर बटाटे-रताळी, पुन्हा शेंगा, असं भरत जा. अंडी मध्यभागी, शेंगांच्या आधाराने ठेवा. चिकन असेल तर केळीच्या पानात बांधलेली पुडी मधोमध ठेवा.
6. मडकं गच्च भरा. शेवटी तोंडात पाला असा कोंबा की मडकं उलटं केल्यावर काहीही पडणार नाही.
7. सपाट, मोकळ्या जागेवर मडकं उलटं ठेवा. भोवती आणि वर काटक्या, शेणी, पातेरा, पेंढा रचा आणि पेटवा. पेंढा लवकर जळून जातो, म्हणून थोडाथोडा घालत राहा.
8. अर्ध्या-पाऊण तासाने मडक्यावर पाण्याचा शिपका मारा. चर्र आवाज होऊन पाणी लगेच उडून गेलं, तर मडकं पुरेसं तापलं आहे.
9. निखारे बाजूला सारा, जाड गोणपाटाने धरून मडकं काढा, पाच-दहा मिनिटं थांबा आणि मग तोंडाचा पाला काढून केळीच्या पानांवर ओता.

सोबत वेगळं काही लागत नाही. काही घरांत तांदळाची भाकरी आणि ओल्या खोबऱ्याची चटणी ठेवतात, पण बहुतेकांचं पोट शेंगांवरच भरतं. शेंग दातांत धरून दाणे ओढून घ्यायचे आणि साल बाजूला टाकायची. ती सालं सकाळी गुरांपुढे जातात.

शाकाहारी की चिकनची?

मूळ मान शेंगांचा. चिकन नसलं तरी पोपटी होते; शेंगा नसतील तर होत नाही. हंगामाचा पहिला भाग बऱ्याचदा मार्गशीर्षात येतो. या महिन्यात गुरुवारचं महालक्ष्मीचं व्रत असल्यामुळे अनेक घरांत मांसाहार बंद असतो, तेव्हा फक्त शेंगा, रताळी आणि बटाटे. महिना संपला की मडक्यात चिकनची पुडी जाते. एकाच गटात दोन्ही प्रकारची माणसं असतील तर दोन मडकी लावणं हाच सोपा मार्ग, कारण एका मडक्यात रस सगळीकडे पसरतो.

हंगाम संपल्यावर तोच वाल

शेतातल्या सगळ्या शेंगा पोपटीत जात नाहीत. उरलेल्या झाडावरच वाळतात, झोडपून दाणे काढतात आणि कडक उन्हं दाखवून साठवतात. पुढे वर्षभर त्याचं बिरडं होतं. वाल रात्रभर भिजवायचे, फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा सोलायचा. भिजवलेलं पाणी ओतून दिल्याने कडवटपणा कमी होतो. सोललेल्या मोडाच्या डाळिंब्या आणि नारळाचं वाटण, की झालं पेण-रोह्याचं घरगुती बिरडं. सोलण्याचं काम वेळखाऊ, त्यामुळे तेही पूर्वापार चार जणी मिळून, गप्पा मारत होतं.

पोपटीचे नातेवाईक

दक्षिण गुजरातेत वलसाडच्या परिसरात थंडीत 'उंबाडियुं' मिळतं. तिथेही पापडीच्या शेंगा, कंद आणि रताळी मडक्यात भरतात, सुगंधी पाला घालतात आणि मडकं उलटं करून जाळ लावतात. प्रसिद्ध उंधियुं हे नाव 'ऊंधुं' म्हणजे उलटं, या शब्दावरूनच आलं आहे. आज ते बहुधा पातेल्यात, तेलात होतं. नावात मात्र उलटं मडकं राहिलं आहे. किनारपट्टी सलग आहे, वालही दोन्हीकडे पिकतो, त्यामुळे पदार्थांचं हे साम्य नवल वाटण्याजोगं नाही.

घाटावर याच दिवसांत हुरडा असतो. ज्वारीची कोवळी कणसं शेणींच्या आरात भाजून शेतातच खायची. पीक वेगळं, पण पीक पक्व होण्याआधीचे मोजके दिवस शेतावर एकत्र साजरे करण्याची रीत तीच. जगात इतरत्र न्यूझीलंडच्या माओरी लोकांचं हांगी किंवा पेरूमधलं पाचामांका यांतही तापलेल्या दगडांच्या खड्ड्यात गावाचं जेवण एकत्र शिजतं.

फोटोत न दिसणारी बाजू

पोपटीला विकत घ्यावं असं फारसं काही लागत नाही. लागतं ते भातानंतर वाल पेरणारं शेत, बिनफवारणीचा बांध, पेंढा, आणि मडकं लावायला मोकळी जागा. यातली प्रत्येक गोष्ट जमिनीशी बांधलेली आहे, आणि पेण-रोह्याच्या जमिनीवर गेली अनेक वर्षं इतर कामांची मागणी आहे.

रोह्याजवळ धाटावची औद्योगिक वसाहत आहे. पेण तालुक्यातल्या 22 गावांत सेझसाठी जमीन द्यायची की नाही यावर 21 सप्टेंबर 2008 रोजी शेतकऱ्यांचा कौल घेण्यात आला होता. त्या वेळी देशभर त्याची चर्चा झाली. जानेवारी 2024 मध्ये शिवडी-न्हावा शेवा सागरी सेतू सुरू झाला. त्याच वर्षी राज्य सरकारने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतल्या 124 गावांच्या परिसरात नवं शहर वसवण्याचं काम एमएमआरडीएकडे सोपवलं. जमीन विकायची की राखायची हा ज्याच्या त्याच्या घरचा निर्णय आहे आणि त्यामागे पैशांची, मुलांच्या नोकरीची खरी गणितं असतात. पण शेत गेलं की भाताबरोबर वालही जातो, आणि बांध गेला की भांबुर्डाही.

दुसरीकडे पोपटीला बाजारही मिळाला आहे. थंडीत अलिबाग-पेण भागात ऑर्डरप्रमाणे पोपटी लावून देणारे लोक आहेत आणि फार्महाऊसवर पाहुण्यांसाठी ती होते. यातून शेंगांना, मडक्यांना आणि हातांना काम मिळतं. शेजारच्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला 2022 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तोही भातानंतर घेतलं जाणारं पीक आहे. भात कापल्यावरचं शेत रिकामं नसतं, त्यातून नाव आणि उत्पन्न दोन्ही येऊ शकतं, हे त्या कांद्याने दाखवलं. म्हणूनच पोपटीसाठी शेंगा घेताना गावठी वाल मागून घेणं हा छोटा वाटला तरी उपयोगी हातभार आहे.

काळजी कुठे घ्यावी?

- पाण्याच्या शिपक्याने मडकं तापलं एवढंच कळतं. आतलं चिकन शिजलं की नाही, हे कळत नाही. तुकडे लहान ठेवा आणि खाण्याआधी एक फोडून पाहा. आत गुलाबी असेल तर घरी नेऊन नीट शिजवा.
- अर्धवट शिजलेले वाल पोटाला बाधतात. दाणा बोटांनी सहज चेपला गेला पाहिजे.
- पेंढ्याची उडवी, गोठा, आंब्या-काजूची बाग यांपासून लांब जाळ करा. वारा असेल तर थांबा. पाण्याच्या दोन बादल्या जवळ ठेवा आणि निघताना निखारे पूर्ण विझवा.
- जाळात टायर, प्लास्टिक, रंगवलेलं लाकूड घालू नका. तो धूर अन्नातही उतरतो.
- वर्तमानपत्रावर ओतू नका. शाई अन्नाला लागते. केळीचं पान किंवा पत्रावळ वापरा.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*फ्लॅटमध्ये पोपटी होते का?*
साधारण तशी होते. जाड बुडाच्या पातेल्यात पाल्याचा जाड थर, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, पुन्हा पाला आणि वर घट्ट झाकण. मंद आचेवर अर्धा-पाऊण तास ठेवा. बूड करपेल असं वाटलं तर खाली तवा ठेवा. धुराचा वास येणार नाही, पण भांबुर्ड्याचा येईल.

*भांबुर्डा मिळाला नाही तर?*
केळीची पानं किंवा कोबीची बाहेरची पानं आणि थोडा जास्त ओवा, असं भागवता येतं. शेंगा चांगल्या शिजतील, मात्र त्याला पोपटीची चव म्हणता येणार नाही. ओळख नसलेला कुठलाही रानपाला अंदाजाने घालू नका.

*वालाऐवजी मटार किंवा तुरीच्या शेंगा चालतील?*
थोड्या मिसळल्या तर चालतात, काही जण घालतातही. निम्म्याहून अधिक वाल असू द्या.

*दुसऱ्या दिवशी खाता येते का?*
शेंगा थंडीत सकाळपर्यंत टिकतात. दाणे काढून कांद्यावर परतले की न्याहारी होते. चिकन आणि अंडी मात्र रात्रीच संपवा किंवा लगेच फ्रीजमध्ये ठेवा.

*पोपटीला बोलावलं तर रिकाम्या हाती जावं का?*
नाही. शेंगा, अंडी, रताळी यांपैकी काहीही चालेल. काहीच नसेल तर वेळेआधी पोहोचावं आणि पाला उपटायला लागावं. त्याची गरज सगळ्यांनाच असते.